नव्या रंगामागचं घर

पत्र: आम्ही एक जुनं स्वतंत्र घर घ्यायचं ठरवत आहोत. तळमजला आणि वर एक मजला, बांधून २४ वर्षं झाली आहेत. मालक सज्जन वाटतात. विकायचं म्हणून त्यांनी नुकताच आतून-बाहेरून रंग दिला आहे. बँकेने माणूस पाठवून मूल्यांकन करून घेतलं आणि कर्जही मंजूर झालं. माझे दीर बांधकामाची कामं घेतात. त्यांनी एकदा फिरून पाहिलं आणि ‘घर मजबूत आहे, डोळे झाकून घ्या’ म्हणाले. मला मात्र जिन्याखाली कुबट वास आला, आणि वरच्या खोलीचा दरवाजा खाली घासतो. तज्ज्ञाकडून तपासून घेऊ म्हटलं, तर सगळ्यांचं म्हणणं, हा खर्च कशाला, मालकांना काय वाटेल, दिरांना काय वाटेल. पुढच्या आठवड्यात इसार द्यायचा आहे. मी उगाच शंका घेते आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही उगाच शंका घेत नाही आहात. तुमच्या पत्रातल्या सगळ्या माणसांत घराकडे लक्ष देऊन पाहिलंय ते तुम्हीच. वास नाकाने टिपला, दरवाजा हाताने ढकलून पाहिला. तपासणीची सुरुवात अशीच होते. इसार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून किंवा घरतपासणीचंच काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडून हे घर पाहून घ्या. त्यासाठी इसार आठ-दहा दिवस पुढे ढकलावा लागला तरी ढकला.

आधी बँकेच्या माणसाबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. उद्या हप्ते थकले आणि हे घर विकावं लागलं, तर दिलेले पैसे वसूल होतील का, एवढंच बँकेला जाणून घ्यायचं असतं. त्यासाठी तिचा माणूस क्षेत्रफळ पाहतो, आजूबाजूचे भाव बघतो, घर उभं आहे आणि राहण्याजोगं आहे याची खात्री करतो, फोटो काढतो आणि जातो. कपाट सरकवणं, ड्रेनेज चेंबरचं झाकण उचलणं, गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहणं, हे त्याच्या कामात येतच नाही. त्यात स्वतंत्र घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या असल्या तरी मूल्यांकनाचा आकडा फारसा हलत नाही. कर्ज मिळतं ते घराच्या किमतीवर. ताबा घेतल्यावर दोन महिन्यांत जी दुरुस्ती निघते ती मात्र स्वतःच्या पैशांतून करावी लागते, आणि नेमकी तेव्हाच शिल्लक संपलेली असते.

आता तुमच्या दिरांबद्दल. त्यांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. पण ते पाहुणे म्हणून गेले होते. मालक सोबत फिरत होते, चहापाणी झालं असेल, अर्ध्या तासात मत द्यायचं होतं. हातात हातोडी नव्हती, शिडी नव्हती, कोणाचं कपाट सरकवायचा अधिकार नव्हता. अशा वेळी चांगला जाणकारही वरवरचं बोलतो, कारण तसंच बोलण्याची ती वेळ असते.

हे मी अनुभवाने सांगतो. मी पस्तीस वर्षं याच कामात घालवली. माझ्या धाकट्या बहिणीने घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी बाहेरगावी होतो. तिने फोटो पाठवले, मी फोनवर म्हणालो, ‘चांगलं दिसतंय, घेऊन टाक.’ भाऊ इंजिनिअर असताना आणखी कोणाला विचारायचं, असं तिला वाटलं, आणि तिचं काही चुकलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोलीतल्या भिंतीलगतच्या कपाटातले कपडे दमट लागू लागले. कपाट काढलं तर मागे कोपऱ्यातला कॉलम, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फुटलेला. आतल्या सळ्यांचे पापुद्रे हाताने निघत होते. बाहेरच्या अंगाने वर्षानुवर्षं तिथे पाणी मुरत होतं. दुरुस्तीसाठी खोलीला टेकू द्यावे लागले आणि तिला मुलांना घेऊन दोन महिने दुसरीकडे राहावं लागलं. मी तिथे जाऊन ते कपाट सरकवलं असतं तर दहा मिनिटांत दिसलं असतं. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच मला आजही सलतं. म्हणून नात्यातल्या माणसाच्या शब्दावर घर घेऊ नका, असं मी सांगतो. त्यात घराइतकंच नातंही पणाला लागतं. दिरांना सरळ सांगा, ‘भाऊजी, उद्या काही निघालं तर दोष तुमच्यावर यायला नको, म्हणून बाहेरचा माणूस बोलावते आहे. तुम्ही मात्र त्याच्याबरोबर हवेत.’ ते आले तर फायदाच आहे. इंजिनिअर जे सांगेल त्याच्या दुरुस्तीला काय लागेल, हे ते तुमच्यापेक्षा चटकन ताडतील.

तुमच्या दोन खुणांकडे येतो.

दरवाजा घासणं अगदी साधं असू शकतं. दमट हवेत लाकूड फुगतं, बिजागऱ्या सैल होतात. पण चौकटच तिरकी झाली असेल तर भिंत किंवा तिच्याखालचा पाया हलल्याची ती खूण असते. फरक कळतो तो चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांकडे पाहिलं की. तिथून भिंतीवर तिरकी चढत जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग असेल, तर घराचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचला असण्याची शक्यता धरावी लागते. अर्धं घर भरावावर आणि अर्धं मूळ जमिनीवर असलं की असं होतं. पाणी पिऊन फुगणाऱ्या आणि वाळल्यावर आकसणाऱ्या चिकणमातीतही होतं. भिंतीलगतचं मोठं झाड मुळांनी जमिनीतलं पाणी ओढत असेल किंवा फुटलेला ड्रेनेजचा पाइप पायाखालची माती वाहून नेत असेल, तरीही होतं.

सगळ्याच भेगा घाबरण्यासारख्या नसतात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा गिलावा वाळताना आकसल्याने पडतात, त्यांनी घराचं काही बिघडत नाही. कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथे सरळ उभी रेघ दिसते. दोन्ही वस्तू उन्हाने सारख्या प्रसरण पावत नाहीत म्हणून ती पडते, आणि तीही बहुधा निरुपद्रवी असते. बीमच्या खालच्या बाजूने, सळईच्या रेषेतच धावणारी भेग मात्र वेगळी, ती आतल्या गंजाची असते. रुंदीचाही अंदाज बांधता येतो. १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात बुजवून टाकण्याजोगी असते. ५ मिलिमीटरच्या पुढे दारं-खिडक्या अडकू लागतात. १५ च्या पुढे गेली तर भिंतीचा काही भाग पाडून बांधावा लागू शकतो, आणि २५ च्या वर असेल तर त्या भिंतीला आधार देण्याचा विचार आधी करावा लागतो.

रुंदीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असतो, ही भेग अजून वाढते आहे की थांबली? खरं उत्तर मिळवायचं तर भेगेवर काचेची पट्टी चिकटवून किंवा तारखेसह पेन्सिलच्या खुणा करून काही महिने थांबायला हवं. खरेदीत एवढा वेळ नसतो. म्हणून अनुभवी माणूस भेगेच्या आत पाहतो. कडा मळलेल्या, आत धूळ आणि जुन्या रंगाचे थर असतील तर भेग जुनी आणि बहुधा स्थिरावलेली असते. कडा धारदार आणि स्वच्छ असतील तर ती ताजी. आणि इथेच मला नव्या रंगाची काळजी वाटते. पुट्टी आणि रंगाचे दोन हात दिले की हा सगळा पुरावा झाकला जातो. मालकांनी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. घर विकताना रंग देणं स्वाभाविक आहे. पण रंगानंतर नुसत्या डोळ्यांना दिसणारं फार कमी उरतं, म्हणूनच अशा घरात जाणकाराची गरज वाढते. तो बाजूने टॉर्च मारून भिंतीवरचे उंचवटे पाहतो. बुजवलेल्या भेगेची रेघ त्या तिरक्या उजेडात पुष्कळदा उमटते. जिन्याची मागची बाजू, माळा, मीटरची खोली, पाण्याच्या टाकीखालचा भाग, अशा रंगाऱ्याने सोडून दिलेल्या जागा तो शोधतो. तिथे घर जसं होतं तसं दिसतं. तोच दरवाजाच्या चौकटीला ओळंबा लावून पाहील आणि जमिनीवर लेव्हल ठेवेल.

कुबट वास म्हणजे ओल, हे तुम्हीही ओळखलं आहे. पण ओल कुठून येते हे न समजता केलेली दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात घालणं. जमिनीतून भिंतीत वर चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत येते, तिथे पांढऱ्या क्षारांची वेडीवाकडी किनार दिसते आणि खालचा रंग पोपड्यांनी सुटतो. बाहेरून, गच्चीतून किंवा खिडकीच्या चौकटीतून शिरणारी ओल पावसाळ्यात वाढते आणि नंतर कमी होते. नळ किंवा बाथरूममधली गळती बारा महिने सारखी राहते. चौथा प्रकार पुष्कळांना ठाऊक नसतो. हवा खेळत नसलेल्या थंड कोपऱ्यात खोलीतल्याच हवेतली वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते आणि काळी बुरशी धरते. जिन्याखालची बंद जागा या चौथ्या प्रकाराला सोयीची असते. तसं असेल तर एक झरोका पाडून काम भागतं. पण जिन्याच्या पलीकडे बाथरूम असेल तर गोष्ट निराळी. बाथरूमची फरशी आणि वॉटरप्रूफिंग उकरावं लागणं आणि एक झरोका पाडणं, या दोन खर्चांची तुलनाच होत नाही. आत्ता तुम्हाला यातलं कोणतं आहे ते माहीत नाही, आणि दर मात्र ठरवून बसलात.

ओल मोजायचं छोटं यंत्र असतं, त्याचे दोन काटे भिंतीला टेकवले की आकडा येतो. त्या आकड्याने भारावून जाऊ नका. बरीचशी यंत्रं मुळात लाकडासाठी बनवलेली असतात, आणि भिंतीत क्षार असले तर कोरड्या भिंतीतही मोठा आकडा दाखवतात. चांगला तपासनीस एकच आकडा सांगून थांबत नाही. तो तीच भिंत खाली, मध्ये आणि वर मोजतो, पलीकडच्या खोलीतूनही मोजतो आणि आकडे कसे बदलतात त्यावरून पाण्याची वाट शोधतो. कोणी नुसतं यंत्र टेकवून ‘ओल आहे, आमचं औषध मारा’ म्हणाला, तर तो तपासायला आलेला नसून माल विकायला आलेला आहे.

२४ वर्षांच्या घरात मी सगळ्यात जास्त वेळ देईन तो काँक्रीटला. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच (अल्कधर्मीपणाचं माप) १२ च्या वर, आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि हा पीएच ९ च्या आसपास उतरवतो. ही पातळी सळईपर्यंत पोहोचली की तो थर मोडतो, मग ओलावा आणि हवा मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा आतून मिळत नाही, म्हणून काँक्रीट फुटतं आणि खपल्या पडतात. सळईवरचं काँक्रीटचं आवरण कमी जाडीचं असेल तर हे लवकर होतं. बांधताना पाणी जास्त घातलं असेल किंवा नंतर नीट पाणी मारलं नसेल, तर काँक्रीट सच्छिद्र राहतं आणि तिथेही हेच घडतं. बाल्कनीची खालची बाजू, सज्जे, बाथरूमखालचा स्लॅब आणि गच्चीवरच्या टाकीचे कॉलम, इथे ते आधी दिसतं.

हे ओळखायला महागडं काही लागत नाही. हातोडीने हलकेच ठोकत गेलं की घट्ट काँक्रीट टणक वाजतं आणि सुटलेलं भद्द वाजतं. कुठे शंका आली तर छोटासा तुकडा काढून ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं आणि ज्याचा पीएच उतरला आहे ते रंगहीन राहतं. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोहोचला आहे का, एवढंच पाहायचं. त्यापुढे रिबाउंड हॅमर आहे. तो पृष्ठभागावर आपटून किती उसळतो यावरून कठीणपणा कळतो. पण जुन्या काँक्रीटची वरची साल कार्बन डायऑक्साइडमुळेच कडक झालेली असते, त्यामुळे हे यंत्र आकडा फुगवून दाखवतं. म्हणून त्याच्या जोडीला ध्वनिलहरींची चाचणी करतात. लहर काँक्रीटमधून सेकंदाला ४.५ किलोमीटरपेक्षा वेगाने गेली तर आतला भाग उत्तम, ३ पेक्षा कमी वेग म्हणजे आत पोकळी किंवा भेगा असण्याची शंका. या चाचण्या प्रत्येक घरात कराव्या लागत नाहीत. आधी डोळे आणि हातोडी वापरा, आणि त्यात काही खटकलं तरच इंजिनिअरला पुढच्या चाचण्या सुचवू द्या. पहिल्याच फोनवर सगळ्या चाचण्यांचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्यापासून दूर राहा.

गच्चीवर पाणी कुठे तुंबतं, कठड्याच्या मुळाशी भेग आहे का, उताराची तोंडं मोकळी आहेत का, हे पाहायला पावसानंतरची सकाळ सगळ्यात चांगली. पाऊस नसेल तर मालकांच्या परवानगीने गच्चीचा एक भाग अडवून २४ तास पाणी साठवून ठेवता येतं. ड्रेनेज चेंबरची झाकणं उघडून आतून पाणी सोडून पाहायला हवं. विजेच्या बाबतीत अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवलेला आहे का आणि चाचणीचं बटण दाबल्यावर तो पडतो का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून वेगळं पाहून घ्या. लाकडी चौकटींच्या मुळाशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. छतावर किंवा शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते शाबूत असेपर्यंत त्रास कमी, पण कापायचे किंवा भोकं पाडायची झाली तर त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. काढायचा खर्च तुमच्या हिशेबात धरा.

घराइतकंच जमिनीचंही. कुंपण जिथे आहे तिथेच हद्द आहे असं गृहीत धरू नका. मोजणी करून घ्या, आणि मंजूर नकाशा हातात घेऊन घरातून फिरा. नकाशात नसलेली खोली, झाकून घेतलेली बाल्कनी, मोकळ्या जागेत वाढवलेला जिना यांत दोन धोके असतात. कायद्याचा तुमचा वकील सांगेल. दुसरा बांधकामाचा. मागाहून चढवलेल्या खोलीचं वजन खालच्या पायाने मुळात धरलेलं होतं का? तुम्ही लिहिलेला वरचा मजला तळमजल्याबरोबरच बांधला की नंतर, हे मालकांना जरूर विचारा. दरवाजा वरच्याच खोलीचा घासतो, त्यामुळे इंजिनिअरला या उत्तराचा फार उपयोग होईल.

तपासणारा माणूस निवडताना एकच कसोटी मी सगळ्यांच्या वर ठेवतो. त्याला पैसे देणारे फक्त तुम्ही असावेत. एजंटने सुचवलेला माणूस पुढच्या कामासाठी एजंटवर अवलंबून असतो आणि व्यवहार मोडला तर एजंटचं नुकसान होतं. दुरुस्तीची कामं स्वतःच घेणारा उलट्या बाजूने चुकेल, त्याला प्रत्येक भिंतीत काम दिसेल. त्याने पूर्वी लिहिलेला एखादा अहवाल, नावं झाकून, मागून घ्या. त्यात फोटो आहेत का, दोषामागचं कारण लिहिलं आहे का, कोणतं काम लगेच करायचं आणि कोणतं दोन वर्षांनी चालेल हे वेगळं केलं आहे का, ते पाहा. आणि काय पाहता आलं नाही, हे त्याने स्पष्ट लिहिलं आहे का, तेही पाहा. पाया दिसत नाही, भिंतीतले पाइप दिसत नाहीत, मालक भिंत उकरू देत नाहीत. सगळं पाहिलं असं म्हणणाऱ्यापेक्षा या मर्यादा लिहिणारा माणूस भरवशाचा. एवढ्या घराला तीन-चार तास तरी लागतील. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर फिरा. कागदावर जपून लिहिलेली गोष्ट माणूस तोंडाने मोकळेपणी सांगतो. शेवटी त्याला विचारा, ‘तुमच्या मुलीसाठी हे घर घेतलं असतं का?’

मालकांना वाईट वाटेल ही भीती तुमच्या घरच्यांनी जरा जास्तच धरली आहे. फोन करून सांगा की घर आम्हाला आवडलं आहे, घ्यायची इच्छा पक्की आहे, म्हणूनच एकदा इंजिनिअरला दाखवायचं आहे. कुठे तुकडा काढावा लागला तर तो आम्ही भरून देऊ, हेही सांगा. चोवीस वर्षं ज्यांनी ते घर सांभाळलं त्यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुष्कळ मालक उलट निर्धास्त होतात, कारण मागाहून तक्रारी येत नाहीत. कारण न देता साफ नकार दिला, किंवा ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्याच इसार द्या’ अशी घाई लावली, तर मी थांबेन. इसार आधी देणं भागच पडलं तर कागदावर अट घालून घ्या, की तपासणीत बांधकामाचा गंभीर दोष निघाल्यास इसार परत मिळेल. शब्दरचना वकिलाकडून करून घ्या. तोंडी कबुलीवर राहू नका.

अहवाल आला की तो वाचून तुमच्या घरच्यांचे चेहरे उतरतील, त्याची तयारी ठेवा. जुन्या घराचा प्रामाणिक अहवाल लांबलचकच असतो. त्यातल्या वीस-पंचवीस गोष्टींपैकी बहुतेक देखभालीच्या असतात. तुम्ही शोधायच्या त्या दोन-तीन, ज्यांना मोठा पैसा लागेल किंवा ज्यांच्यामुळे घरात राहणं धोक्याचं होईल. त्यांचं वेगळ्या ठेकेदाराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, आणि ते कागद घेऊन मालकांशी बोला. दर कमी करून घेणं मला जास्त पसंत आहे. मालकांनी विकण्यापूर्वी करून दिलेली दुरुस्ती बहुधा दिसण्यापुरती होते, तुम्ही स्वतः करून घेतलेल्या कामावर तुमचं लक्ष असतं. पाया खचतो आहे आणि कारण सापडत नाही, किंवा सळ्यांचा गंज घरभर पसरला आहे, असं निघालं तर दर कितीही उतरला तरी सोडून द्या. तपासणीवर खर्च केलेले पैसे तेव्हा वाया गेल्यासारखे वाटतील. माझ्या बहिणीने ते आनंदाने दिले असते.

आता या आठवड्याचं काम. मालकांना जिन्याखालची जागा पूर्ण रिकामी करून ठेवायला सांगा, आणि भिंतीला लागून असलेली कपाटं हातभर पुढे ओढायला सांगा. रंग देण्याआधी कोणत्या भिंतींवर पुट्टी भरावी लागली आणि का, हे शांतपणे विचारा. रंगाआधीचे घरातले जुने फोटो असतील, कुठल्याही कार्यक्रमाचे, तर मागून घ्या. माणसांच्या मागे भिंती दिसतात. वास आणि दरवाजा, दोन्ही गोष्टी इंजिनिअरला फोनवरच सांगून ठेवा, म्हणजे तो त्या हिशेबाने साधनं घेऊन येईल. अहवाल हातात आला की ‘पाहता आलं नाही’ असं ज्या जागांपुढे लिहिलं असेल त्या आधी वाचा, आणि काही उलगडलं नाही तर मला पुन्हा लिहा.